वारा आला, खिडकी लावा

तिला घरीदारी सगळे तंद्री म्हणायचे. नाव ठेवलं नवऱ्याने, लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा. दूध उतू जात होतं आणि ही गॅससमोर उभी राहून त्या वर येणाऱ्या सायीकडे मोठ्या मायेने बघत होती. त्याने धावत येऊन गॅस बंद केला आणि विचारलं, "अगं, तू असतेस तरी कुठे?" ती दचकून म्हणाली, "इथेच." जन्मभरात ती फारशी खोटं बोलली नाही, पण हे एक उत्तर तिने हजारदा दिलं असेल आणि दर वेळी ते खोटंच होतं.

माहेरीही तेच. शाळेत बाई फळ्यावर काही लिहायच्या, तेव्हा ही खडूच्या भुकटीवर पडलेलं ऊन बघत बसायची. अशा मुलीने पुढे काचेचं काम पत्करावं हे ऐकून तिच्या थोरल्या भावाने कपाळाला हात लावला होता. पण ती चष्म्याच्या दुकानात लागली ती तिथेच रमली. पुढे मालक लोकांचे डोळे तपासून नंबर काढायचे, मागच्या छोट्या खोलीत ही काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. काच घासायचं यंत्र एका लयीत गुणगुणायचं, त्यावर पाण्याची बारीक धार पडत राहायची, खिडकीतून दुपारचं मऊ ऊन टेबलावर यायचं आणि तंद्रीबाई हात कामावर ठेवून मनाने कुठल्या कुठे जायच्या. एकदा त्यांनी एका कारकुनाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवून दिली. बिचारा दोन दिवस जिन्याच्या पायऱ्यांशी भांडत होता. मालक चिडले, पण तेवढ्यापुरतेच. फ्रेम कानावर बेतून द्यावी तर हिनेच, हे त्यांनाही ठाऊक होतं.

दुकान शाळेच्या वाटेवर होतं, म्हणून मोडके चष्मे घेऊन मुलं खूप यायची. सगळी एकच सांगायची, "पडला." तंद्री चष्मा हातात घेऊन फिरवून बघायची. पडलेल्या चष्म्याची दांडी अशी पिळवटत नाही, ती पिळवटते पायाखाली दाबून धरल्यावर. काच फुटायची तीही अशी फुटत नाही. मुलगा खाली मान घालून स्टुलावर बसलेला असायचा आणि ती दांडी गरम करता करता म्हणायची, "एक मुलगा होता बघ. त्याच्या वर्गात एक टोळी होती." मुलगा मान वर करायचा. गोष्ट संपेपर्यंत चष्मा नीट झालेला असायचा, आणि कधीकधी मुलगा म्हणायचा, "काकू, पडला नव्हता." मग सगळं बाहेर यायचं. कुणी काय केलं, कसं केलं, डबा कुठे लपवला, काय नाव ठेवलं, सगळं अगदी बारकाईने. तंद्री ऐकायची. ऐकताना मात्र तिची तंद्री कुठच्या कुठे पळायची, हेही खरं आहे.

याच गोष्टी ती पुढे कागदावर उतरवायला लागली. एका मुलांच्या मासिकाने छापल्या, मग तिथल्या संपादकबाईंनी चक्क कादंबरी मागितली. तंद्रीने लिहिली. कादंबरीचं नाव होतं 'वारा आला'. त्यात शाळेत नवी आलेली एक मुलगी आहे, आणि वर्ग ठरवतो की ही मुलगी नाहीच. तिच्याकडे बघायचं नाही, तिचं ऐकायचं नाही. ती दारातून आत आली की कुणीतरी म्हणतं, "वारा आला, खिडकी लावा," आणि कुणीतरी उठून खरंच खिडकी लावतं. बस, एवढंच. मारहाण नाही, शिवी नाही. संपादकबाई म्हणाल्या, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. शेवटी ती मुलगी संमेलनात रंगमंचावर उभी राहते, बोलत जाते, सभागृहाच्या सगळ्या खिडक्या धाडकन उघडतात, खरा वारा आत येतो आणि टाळ्या थांबता थांबत नाहीत. हा शेवट तंद्रीला यंत्रावर काच धरलेली असताना सुचला होता, आणि त्या आनंदात तिने ती काच वाजवीपेक्षा लहान घासून ठेवली होती.

तिची एकुलती एक मुलगी नववीत होती. घरी तिला खारू म्हणत, कारण काहीही खाताना ती आधी कडा कुरतडायची. तिची नजर इतकी चांगली की समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणाचे कपडे वाळतायत ते घरबसल्या सांगायची. तिला चष्मा नव्हता. त्यामुळे तिचं काही मोडून दुकानात आलं नाही, आणि आईला काही कळायला मार्ग राहिला नाही.

रविवारी दुपारी या मायलेकींचा एक नेम होता. बाप आठवडाभर उंच उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करून दमलेला असायचा, तो जमिनीवर पालथा पडून घोरायचा. पडदा अर्धा ओढलेला. तंद्री भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची आणि खारू तिने आठवडाभरात लिहिलेली नवी पानं मोठ्याने वाचायची. मुलीचा आवाज सरळ गेला तर वाक्य चांगलं, अडखळला तर वाक्यात खोट, अशी तंद्रीची परीक्षा होती. अडखळली तिथे ती डोळे न उघडता बोटाने हवेत खूण करायची आणि रात्री ते वाक्य सुधारायची. संपादकबाई तिच्या भाषेचं कौतुक करायच्या, तेव्हा ती सांगायची, "अहो, ती माझी नाही, खारूच्या जिभेची आहे." एकूण त्या दुपारी फार गोड असायच्या. पेंगुळलेलं घर, बापाचं घोरणं, आणि मुलीच्या आवाजात आपणच लिहिलेली माणसं हळूहळू चालू लागलेली. तंद्रीला याहून वेगळा स्वर्ग नको होता.

'वारा आला' छापून आल्यावर ती दुसरी कादंबरी लिहीत होती, त्यात एक परिच्छेद होता. मुलगा वर्गात येतो. मागचे काही बाक रिकामे असतात, पण तो जवळ गेला की त्या बाकावर कुणीतरी आपलं दप्तर ठेवतं. मग पुढच्यावर, मग त्याच्या पुढच्यावर. कुणी काही बोलत नाही. शेवटी वर्गात सगळी दप्तरं बसलेली असतात आणि हा एकटा उभा असतो.

खारू तिथे अडखळली. तंद्रीने बोटाने खूण केली आणि वाक्य सोपं केलं. पुढच्या रविवारी खारू पुन्हा तिथेच अडखळली. तंद्रीने 'दप्तरं' हा शब्द पुढे घेतला, 'उभा' मागे नेला. पुन्हा तेच. मग तिने वाक्यं तोडून लहान केली, मग जोडून लांब केली. मुलीचा आवाज तिथे आला की बसायचाच. तंद्री हैराण झाली. इतकं हट्टी वाक्य तिला जन्मात भेटलं नव्हतं. दुकानात काच घासताना, जिना चढताना, भाजी निवडताना ती त्या दप्तरांची उचलठेव करत होती. तिच्या डोक्यात एकदाही आलं नाही की वाक्य ठणठणीत असेल आणि मुलगी आजारी असेल. चांगल्या लेखकांची ही खोड फार वाईट. माणूस समोर गुदमरत असतं आणि यांना स्वल्पविराम दिसतो.

शेवटी वैतागून तिने तो परिच्छेदच काढून टाकला.

त्या रविवारी खारू वाचत वाचत त्या जागेपाशी आली आणि थांबली. थांबण्यासारखं तिथे आता काही नव्हतं. तंद्रीने डोळे उघडले. मुलीने कागद घट्ट धरला होता, खांदे वर गेले होते, फटका बसायच्या आधी जातात तसे. तिने पान उलटून बघितलं, परत मागे आली.

"तो दप्तरांचा भाग कुठेय?"

"काढला. तू सारखी अडखळत होतीस, म्हटलं जाऊ दे."

"म्हणजे छापणार नाही?"

"नाही."

"नक्की ना? नंतर परत घालशील."

"नाही गं बाई. पण एवढं काय होतं त्यात?"

खारूने कागद मांडीवर सारखे केले. बराच वेळ सारखे करत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "त्यांना अजून हे सुचलेलं नाहीये."

"कुणाला?"

मग ते बाहेर आलं. वाचनाच्या तासाला बाईंनी वर्गात 'वारा आला'ची सुरुवातीची पानं वाचून दाखवली होती. सगळ्यांना फार आवडलं. दुसऱ्या दिवशी खारू दारातून आत शिरली तेव्हा मॉनिटर म्हणाली, "वारा आला, खिडकी लावा." वर्ग हसला. खारूही हसली. तिला वाटलं, एका दिवसाची गंमत आहे. पण ती गंमत जूनपासून चालू होती. खिडकी लावायची पाळीसुद्धा ठरलेली होती. खारूशी कुणी बोलत नव्हतं, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि हे सगळं अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, बिनचूक.

"आणि शेवट?" तंद्रीने विचारलं. विचारल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली, पण तोंडून गेलं होतं.

"शेवट कोण करतं, आई?" खारू म्हणाली. "सगळे सुरुवातच करतात."

बाप जागा झाला होता. तो उठून शर्ट शोधायला लागला. रविवारी शाळा बंद असते हे त्याच्या डोक्यातही नव्हतं. तंद्री म्हणाली, "उद्या मी येते शाळेत. बाईंना भेटते."

"नको," खारू एकदम ओरडली. "तू आलीस तर लेखिका येईल. बाई तुला खुर्ची देतील, बोलायला लावतील, सगळे टाळ्या वाजवतील. परवा काय? प्लीज आई. कुणाला काही सांगू नकोस. वचन दे."

तंद्रीने वचन दिलं. मग तिला एकेक आठवायला लागलं. मध्यंतरी बाप सहज म्हणाला होता, "खारू, खिडकी लाव गं," आणि ही ताट तसंच टाकून उठून गेली होती. तेव्हा तंद्रीला वाटलं, वय आहे. दर रविवारी संध्याकाळी हिचं पोट दुखायचं, तेव्हा वाटलं, दुपारचं जेवण जड झालं. पोरगी दर रविवारी इथे बसून आपल्या पुढ्यात काय काय वाढून ठेवलंय ते स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवत होती, आणि आई डोळे मिटून सुख घेत होती. तंद्री रडली. मुलीसमोरच रडली, आणि खारूलाच तिची समजूत काढावी लागली.

पुढचे काही दिवस तिने कागदाला हात लावला नाही. यंत्र गुणगुणत होतं, पण त्यातून वाक्यं येत नव्हती. त्यात संपादकबाईंचा फोन आला, 'वारा आला'ची दुसरी आवृत्ती काढायची आहे. तंद्री म्हणाली, थांबा. बाईंना नवल वाटलं. "अहो, मुलांना यातून बळ मिळतं." तेही खरंच होतं. दुकानात एका मुलाने तिला सांगितलं होतं की हे वाचलं त्या दिवशी मी पहिल्यांदा शांत झोपलो, मला वाटलं मी एकटाच आहे. तो मुलगा खरा आणि खारूही खरी, तेव्हा कुणाच्या बाजूने बोलावं तेच तिला कळेना.

काच घासता घासता तिला एवढं मात्र दिसलं. छळ तिने मुलांकडून ऐकून लिहिला होता, म्हणून तो नेमका उतरला होता. कुणालाही उद्या उठून करता यावा इतका नेमका. सुटका मात्र तिने तंद्रीत लिहिली होती. खिडक्या धाडकन उघडतात म्हणे! नववीतल्या पोरीने उद्या सकाळी दुसऱ्या तासाला करायचं तरी काय, खिडक्यांना विनंती?

त्या संध्याकाळी ती खारूजवळ जाऊन बसली. "एक विचारू? उद्या वर्गात काय झालं तर तुला बरं वाटेल? फार नको. थोडंसंच."

खारू पावाच्या कडा कुरतडत होती. "सर म्हणतात ना, पुस्तक उघडा, अमुक पान. निम्म्या वर्गाचं लक्ष नसतं. मग सगळे शेजारच्याला विचारतात, कितवं पान? मला कुणी विचारत नाही." तिने उरलेला मऊ भाग ताटलीत ठेवला. "कुणीतरी विचारलं तर बरं वाटेल."

एवढंच मागणं होतं. तंद्रीने आयुष्यात इतकी माणसं कल्पनेने रंगवली होती, पण हे तिला सुचलं नसतं.

आणि त्याच आठवड्यात, गणवेशावर नववीच्या मॉनिटरचा बिल्ला लावलेली ती मॉनिटर दुकानात आली. चष्म्यावर बसली होती म्हणे, आणि दांडी बघता खरंच बसली होती. तंद्रीने तिला मागच्या खोलीत स्टुलावर बसवलं आणि चष्मा काढून घेतला. चष्म्याविना मुलीचे डोळे बारीक झाले, चेहरा एकदम लहान दिसायला लागला. तंद्रीच्या मनात मोठमोठी भाषणं उसळली. अशा प्रसंगांची तिने पानंच्या पानं लिहिली होती. तिने दांडी गरम केली, वाकवली आणि मुलीच्या कानामागे लावून बघितली.

"इथे टोचतंय?"

"थोडंसं." मग मुलगी आपणहून म्हणाली, "काकू, तुमचं पुस्तक मी नंतर घरी नेऊन परत वाचायला घेतलं. भारी आहे. ते वारा आला तर फारच."

"आणि शेवट?"

मुलीने भुवया आक्रसल्या. "शेवटी ती... दुसऱ्या शाळेत जाते ना?"

टाळ्या नाहीत, रंगमंच नाही. या मुलीने आपल्या मनाने खरा शेवट लावून टाकला होता, आणि हे असंच चालू राहिलं तर खारूचं नेमकं तेच होणार होतं.

"नाही जात," ती म्हणाली. "तू जिला वारा म्हणतेस ती माझी मुलगी आहे."

मुलगी गोरीमोरी झाली. "आम्ही तिला काही करत नाही, काकू. हातसुद्धा लावत नाही."

"ठाऊक आहे. मीच लिहिलंय ते." तंद्रीचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "तिला त्रास होतो. शाळेच्या आदल्या संध्याकाळी तिचं पोट दुखतं. हे पुस्तकात नाहीये, कारण मला माहीत नव्हतं. आता मला माहीत आहे आणि तुलाही."

यंत्रावर पाणी ठिबकत होतं. मुलगी नखं बघत म्हणाली, "मी एकटी थांबले तर सगळे मलाच वारा करतील."

या बोलण्यात खोट नव्हती. तंद्रीने नाकाचे पॅड पुसले, स्क्रू आवळला. "उद्या सर पान सांगतील तेव्हा तिला विचार, कितवं पान. तेवढंच. माफी नको, मैत्री नको."

मुलीने चष्मा लावला, मान हलवून बघितली. "आता नीट बसलाय," म्हणाली आणि निघून गेली. करते म्हणाली नाही, नाही करत असंही म्हणाली नाही.

दुसरा दिवस तंद्रीला खायला उठला. आपण वचन मोडलं. मुलीने एकच गोष्ट मागितली होती, कुणाला सांगू नकोस, आणि नेमकं जिला सांगायचं नाही तिलाच सांगून बसलो. आता वर्गात काय चाललं असेल? काकूंनी असं सांगितलं, काकूंनी तसं सांगितलं, आणि मधे खारू. तिने दोन काचा वाया घालवल्या. मालक म्हणाले, "तंद्री, तू घरी जा."

खारू आली. दार लावलं, दप्तर टाकलं, बुटाची नाडी सोडायला बसली.

"तू मॉनिटरला काही सांगितलंस?"

"हो." खोटं बोलावंसं वाटलं, पण ती नाही बोलली. "वचन मोडलं मी. चुकलं माझं."

खारूने एक बूट काढला. मग दुसरा. आईकडे बघितलं नाही. "गणिताच्या तासाला तिने मला विचारलं. कितवं पान."

"मग?"

"मी चुकीचं सांगितलं."

तंद्रीने तिचे बूट उचलून कोपऱ्यात ठेवले.

"मुद्दाम. फार राग आला होता. इतके दिवस काही नाही आणि आज येऊन पान विचारते. मग ती तेच उघडून बसली, आणि सरांनी तिलाच गणित सोडवायला उभं केलं. तिला येईना. सगळे हसायला लागले. ती वळून माझ्याकडे बघत होती, आई. मला वाटलं आता संपलं. पण ती ना, अशी डोळे वटारून बघत होती, माझ्याकडेच, सगळ्यांसमोर." खारूच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या. "मग मी तिला खरं पान दाखवलं. ती म्हणाली, नालायक. मला म्हणाली."

आणि खारू हसायला लागली. आधी नाकातून, मग पोट धरून, जमिनीवर बसून. तंद्री तिच्याजवळ खाली बसली आणि तिला कळेना की हसावं की रडावं, म्हणून तिने दोन्ही केलं. हसू ओसरल्यावर खारूने नाक पुसलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "हे लिही."

"काय?"

"हे सगळं. चुकीच्या पानासकट. आणि छाप. हे करू देत त्यांना."